दवाखान्याची जमीन फालतू कधी होते?

सरकारी कागदावर एक शब्द असतो : अतिरिक्त. साहेब लोक त्याला सरप्लस म्हणतात. आपल्या भाषेत फालतू. जे राहिलं काय आणि गेलं काय, कुणाचं काही अडत नाही, ते फालतू. हा शब्द आता सरकारी दवाखान्यांच्या जमिनीला चिकटवला जातोय. एकदा का शिक्का बसला, की मागे मोजणीवाला येतो, मोजणीवाल्यामागे सल्लागार येतो, सल्लागारामागे बिल्डर येतो. रोगी मात्र होता तिथेच असतो. केसपेपरच्या रांगेत.

म्हणून दोस्तहो, आधी या शब्दाची साल काढू.

शब्द आपल्या ओळखीचा आहे. १९६१ साली महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. मर्यादेवर निघेल ती जमीन अतिरिक्त, ती सरकारने घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची, असं कायदा म्हणत होता. झालं काय? जमिनी पुतण्या-भाच्यांच्या नावावर चढल्या. बागाईत कागदावर जिराईत झाली. वाड्यावाल्याकडे अतिरिक्त शोधायला गेलेला तलाठी वाड्यातच जेवून परत आला. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. पडीक द्या, गायरान द्या, एवढंच मागणं होतं. तेव्हा सरकारला पडीक जमीनसुद्धा फार मोलाची वाटली.

शहरात तीच कथा. १९७६ साली नागरी जमीन कमाल मर्यादेचा कायदा आला. शेठजींच्या मोकळ्या जमिनी अतिरिक्त ठरवून त्यावर गरिबांची घरं बांधायची होती. कलम वीसखाली सुटी वाटता वाटता कायद्याची चाळण झाली आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच गुंडाळून ठेवला.

जमीनदाराकडे अतिरिक्त सापडत नाही. बिल्डरकडे सापडत नाही. ते सापडतं कुठे? वेड्यांच्या इस्पितळात, क्षयाच्या वॉर्डामागे, औषधाच्या सरकारी कारखान्यात. ज्याच्या ताब्यात चार गुंठे आपल्या लोकांच्या उपयोगाचे आहेत, तिथेच सरकारची नजर बरोब्बर तीक्ष्ण होते.

आता हे दवाखाने बांधले कुठे ते बघा. महारोग्यांचा वडाळ्याला. क्षयाचा शिवडीला. साथीच्या रोगांचा चिंचपोकळीला. मनोरुग्णांचा ठाण्याला, १९०१ साली, आणि पुण्याबाहेर येरवड्याला. त्या काळच्या शहराच्या नकाशावर या जागा म्हणजे शहराची कड. ज्या रोग्याचा विटाळ होतो त्याला गावकुसाबाहेर ठेवायचं, ही अक्कल इंग्रजाने एकट्याने आणलेली नाही. ती इथे हजारो वर्षं मुरलेली होती. जसा गावाबाहेर आपला वाडा, तसा शहराबाहेर रोग्यांचा वाडा. जमीन भरपूर दिली, कारण त्या जमिनीची कुणाला पर्वा नव्हती. खारवण, माळ, ओसाड. घ्या आणि तिकडेच मरा.

मग शहर फुगलं. गावकूस ओलांडून पुढे गेलं. ज्या माळावर कुणी पाय ठेवत नव्हतं त्याच्या बाजूने हायवे गेला, टॉवर उभे राहिले, फुटाचा भाव हजारांत गेला. आणि अचानक सगळ्यांना साक्षात्कार झाला की एवढ्या जमिनीची रोग्यांना काय गरज? काल विटाळ म्हणून बाहेर काढलं, आज भाव आला म्हणून आणखी बाहेर व्हा. आपल्या किती झोपडपट्ट्यांची ही कहाणी आहे, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

ठाण्याचं उदाहरण घ्या. ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये नवं रेल्वे स्टेशन करायचं ठरलं. त्यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालयाची १४.८३ एकर जमीन मागितली गेली. प्रकरण कोर्टात अडकलं होतं, २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. स्टेशनला आमचा विरोध नाही. ठाण्याच्या गर्दीत लटकून जाणारा आमचाच भाऊ आहे. पण एक विचारतो. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला. बरं झालेल्या माणसाला घरच्यांनी नेलं नाही, तर त्याला राहायला घर, निवारा, आधार सरकारने द्यावा असं त्यात आहे. त्या घरांना जागा लागते की नाही? मग फायलीत 'मोकळी जमीन' असं लिहिताना ही माणसं कुठे गेली? त्यांची सही कुणी घेतली? वेड्याला कोण विचारतो म्हणा. पण मग शहाण्यांनी निदान कायदा तरी वाचावा.

फालतू जमीन आभाळातून पडत नाही. ती बनवावी लागते. रीत ठरलेली आहे. आधी डॉक्टरची जागा भरायची नाही. मग नर्सची भरायची नाही. एक्स-रेचं मशीन बिघडलं की त्यावर कापड टाकायचं. पावसात वॉर्ड गळायला लागला की दुरुस्तीचा पैसा नाही म्हणायचं. रोगी दोन खेपा मारतो, तिसऱ्या खेपेला कर्ज काढून खासगीत जातो. मग वॉर्डाला कुलूप. दोन वर्षांनी साहेब येतो, कुलूप बघतो आणि लिहितो, 'वापरात नाही.' आवारातली चौथ्या श्रेणीच्या कामगारांची चाळ मोडकळीला आलेली असते. तिथे सफाईवाला, आयाबाई, वॉर्डबॉय राहतात. म्हणजे कोण राहतात ते आपल्याला ठाऊक आहे. ती चाळ 'धोकादायक' ठरते. कायम नोकरी गेली, ठेकेदाराचा माणूस आला, ठेकेदाराच्या माणसाला क्वार्टर कशाला? झाली जमीन मोकळी.

ही जमीन मोकळी झालेली नाही. मोकळी केलेली आहे. आधी हात तोडायचा, मग म्हणायचं याला बांगडीची गरज नाही.

आणि रिकामी खाट म्हणजे फालतू खाट, हे गणित तरी कुणी शिकवलं? चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय साथीच्या रोगांचं. साथ नसते तेव्हा तिथे गर्दी नसते. नसावीच. आगीचा बंब रोज पळत नाही म्हणून कुणी तो भंगारात घालतो का? २०२० च्या मार्चमध्ये कोरोना मुंबईत आला तेव्हा पहिले रोगी याच कस्तुरबात गेले. पुढे खाटा संपल्या आणि सरकारला मैदानं शोधावी लागली. बीकेसीचं मैदान, गोरेगावचं नेस्को, वरळीचा एनएससीआय डोम. मांडव घालून दवाखाने उभे केले. म्हणजे त्या वर्षी कळलं की मोकळी जागा हीसुद्धा दवाखान्याची एक खोली असते, फक्त तिला छप्पर नसतं. साथ ओसरली आणि अक्कलही ओसरली.

विक्रीलाही आता विक्री म्हणत नाहीत. लाज वाटते. म्हणून मॉनेटायझेशन म्हणतात, भागीदारी म्हणतात, लीज म्हणतात. २०१७ मध्ये नीती आयोगाने जिल्हा रुग्णालयांच्या आवारातली जागा तीस वर्षांच्या लीजवर खासगी इस्पितळांना देण्याचा आराखडा मांडला. २०२० मध्ये आणखी पुढे गेले. खासगी मेडिकल कॉलेजला जिल्हा रुग्णालयच जोडून द्यायचं, निम्म्या खाटा 'मार्केट बेड'. सरकारी दवाखान्यात बाजारभावाची खाट! २०२२ मध्ये केंद्राने सरकारी कंपन्यांच्या अतिरिक्त जमिनींसाठी नॅशनल लँड मॉनेटायझेशन कॉर्पोरेशन नावाचं महामंडळच मंजूर केलं. भूमिहीनांना जमीन वाटायला साठ वर्षांत असं चपळ महामंडळ कुणी काढलं नाही.

भागीदारी कशी असते ते अंधेरीच्या मरोळला बघा. मुंबई महापालिकेचा सुमारे १७ एकरांचा भूखंड. २००५ साली सेव्हन हिल्स कंपनीशी करार झाला. कंपनीने दीड हजार खाटांचं इस्पितळ बांधायचं, वीस टक्के खाटा पालिकेच्या रोग्यांना. ठरलेल्या मुदतीत ठरलेलं काम पुरं झालं नाही. कंपनी कर्जात बुडाली. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं, आणि कंपनी दुसऱ्याला देताना पालिकेची जमीनही त्या सौद्यात धरली गेली. पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १५ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला की महापालिकेची जमीन तिच्या मंजुरीवाचून अशी हलवता येणार नाही, दिवाळखोरीचा कायदाही तिच्यावर स्वार होऊ शकत नाही. जमीन वाचली. का वाचली? कारण सातबारा पालिकेच्या नावावर राहिला होता आणि कायद्यात एक कलम होतं. मालकी विकून टाकली असती तर कोर्टात जायला तोंडच उरलं नसतं. दुसऱ्याच वर्षी कोरोनात पालिकेने याच इमारतीत हजारो रोगी ठेवले. हा धडा लक्षात ठेवा : मालकी सोडायची नाही.

दुसरा धडा पिंपरीचा. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. देशाचा पहिला सरकारी पेनिसिलिन कारखाना. गरिबाच्या पोराचा न्यूमोनिया त्या औषधाने बरा होऊ लागला. पुढे कारखान्याला उपाशी ठेवलं. कामगारांचे पगार थकले. आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की या आणि इतर तीन सरकारी औषध कंपन्यांची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवायची. २०१९ मध्ये पुन्हा निर्णय, पगार आणि स्वेच्छानिवृत्तीसाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्सला २८०.१५ कोटींचं कर्ज. म्हणजे कामगाराला घरी पाठवायला कर्ज आणि कर्ज फेडायला जमीन. आता गंमत ऐका. २०२० मध्ये चीनमधून येणाऱ्या कच्च्या औषधांची धास्ती बसली, तेव्हा याच सरकारने खासगी कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून पैसे द्यायची योजना काढली. त्या औषधांच्या यादीत पेनिसिलिन जी होतं. आपला पेनिसिलिनचा कारखाना मोडीत काढायचा आणि चार वर्षांनी पेनिसिलिन करा म्हणून शेठजींच्या हातापाया पडायचं. याला धोरण म्हणतात.

हा धंदा सगळ्यात शिस्तीत कुठे झाला असेल तर इंग्लंडात. तिकडे बघितलं पाहिजे, कारण आपले सल्लागार नक्कल तिथूनच आणतात. १९४८ साली मजूर पक्षाचे मंत्री अन्यूरिन बेवन यांनी तिथली इस्पितळं राष्ट्राच्या मालकीची केली आणि औषधपाणी फुकट केलं. वेस्ट इंडीजच्या, भारतातल्या नर्सेस आणि डॉक्टरांनी ती व्यवस्था आपल्या खांद्यावर चालवली. १९९१ पासून हिशेबाची नवी तऱ्हा आली. इस्पितळाने स्वतःच्याच जमिनीच्या आणि इमारतीच्या किमतीवर सरकारला दरसाल आकार भरायचा. जागा जेवढी मोठी, तेवढा भार जास्त. मग मोकळी बाग म्हणजे रोग्याचा विसावा न राहता डोक्यावरचा बोजा झाला. विकून टाका म्हणजे सुटाल.

लंडनच्या उत्तरेला फ्रायर्न नावाचं मनोरुग्णालय होतं. १८५१ चं. आपल्या ठाण्यासारखंच शहराबाहेर टाकलेलं. १९९३ मध्ये बंद झालं, आणि त्याच इमारतीत आज श्रीमंतांचे आलिशान फ्लॅट आहेत. मनोरुग्णांना समाजात परत आणू, असं सांगून ही इस्पितळं बंद केली होती. विचार चांगला होता. पण इमारतीला गिऱ्हाईक लगेच मिळालं, माणसाला घर मिळायला वेळ लागला.

२०१७ मध्ये रॉबर्ट नेलर यांच्या सरकारी अहवालाने सुचवलं की जमीन विकून तुम्ही एक पौंड आणलात तर सरकारने त्यावर दोन घालावेत. आमिषच ते. पण पैसा जातो कुठे? २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच वर्षांत इमारती आणि यंत्रांसाठी ठेवलेल्या रकमेतले सुमारे ४.३ अब्ज पौंड रोजच्या खर्चाकडे वळवले गेले. २०२३-२४ मध्ये तिथली दुरुस्तीची थकबाकी १३.८ अब्ज पौंडांवर गेली होती. किंग्ज लिन गावच्या इस्पितळाचं छप्पर हजारो टेकूंवर उभं करावं लागलं. घरातली भांडी विकून महिन्याचा किराणा भरला की असंच होतं. किराणा संपतो, भांडीही गेलेली असतात.

तरी तिथली माणसं गप्प बसली नाहीत. लंडनच्या दक्षिणेला लुईशम. काळ्या आणि कष्टकरी लोकांची मोठी वस्ती. तिथलं इस्पितळ स्वतःच्या पायावर उभं होतं. शेजारचा इस्पितळांचा ट्रस्ट खासगी भांडवलाच्या महाग करारांमुळे कर्जात गेला, तर त्याचं भोक बुजवायला लुईशमचे विभाग बंद करायचे आणि जमिनीचा मोठा भाग विकायचा, असा घाट २०१२ च्या अखेरीस घातला गेला. जानेवारी २०१३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. डॉक्टर, नर्स, बाळंतिणी, म्हातारे. जुलैत उच्च न्यायालयाने मंत्र्याचा निर्णय बेकायदा ठरवला, ऑक्टोबरात अपिलातही मंत्री हरला. मग सरकारने काय केलं? २०१४ मध्ये कायदाच बदलला. कोर्टात जिंकलेलं रस्त्यावर राखावं लागतं, ते असं.

आता काही शहाणे म्हणतील की अरे बाबा, काही जमीन खरंच पडून असते. गवत वाढलंय, साप निघतात, अतिक्रमण होतंय. ती देऊन नवा वॉर्ड बांधला तर बिघडलं काय? प्रश्न रास्त आहे, टाळायचा नाही. लंडनच्याच टॉटनहॅममध्ये सेंट ॲन्स हे जुनं तापाचं इस्पितळ. त्याची दोन तृतीयांश जमीन अतिरिक्त ठरली. आधीच्या आराखड्यात शंभरातली १४ घरं परवडणारी होती. वस्तीतल्या लोकांनी स्वतःचा ट्रस्ट काढला, स्वतःचा आराखडा मांडला, रेटा लावला. २०१८ मध्ये लंडनच्या महापौरांच्या प्रशासनाने ती जमीन विकत घेतली. आता तिथल्या नव्या घरांपैकी साठ टक्के परवडणारी करायचं ठरलं आहे. आणि आवारात मनोरुग्णांसाठी नवे वॉर्ड झाले, २०२० मध्ये ते सुरू झाले. 'परवडणारी' या शब्दातही पाचर असते, हे आम्हाला माहीत आहे. तरी फरक बघा. जमीन एका सार्वजनिक हातातून दुसऱ्या सार्वजनिक हातात गेली, पैसा दवाखान्यातच राहिला, आणि लोकांनी नुसता विरोध केला नाही, नकाशा काढून दाखवला.

आम्ही जमिनीची पूजा करा म्हणत नाही. आम्ही विचारतो, ठरवणार कोण? फालतू कोण म्हणणार? एसी गाडीतून येणारा सल्लागार, की बाळंतपणासाठी गोवंडीहून राजावाडी गाठणारी बाई? २०२५ मध्ये गोवंडी-मानखुर्दची पालिका रुग्णालयं खासगी भागीदारीत द्यायच्या हालचाली झाल्या, तेव्हा तिथली माणसं रस्त्यावर आली. त्यांना कुणी सिद्धांत शिकवला नव्हता. आपल्या उशाखालचं काढून घेतलं जातंय हे माणसाला झोपेतही कळतं.

तर आमचं म्हणणं असं. प्रत्येक सरकारी आणि पालिका दवाखान्याची जमीन किती, कुणाच्या नावावर, कुणाला लीजवर, किती भाड्याने, हे दवाखान्याच्या दारावर मराठीत लावा. अतिरिक्त ठरवण्याआधी रोगी, कामगार आणि वस्ती यांची उघड सुनावणी घ्या. जिथे डॉक्टरच्या जागा रिकाम्या आहेत, तिथली कुठलीही जमीन अतिरिक्त ठरवता येणार नाही, असा नियम करा. मालकी कायमची कुणालाही विकू नका. जागा खरंच उरली तर पहिला हक्क आरोग्याचा : बरं झालेल्या मनोरुग्णांची घरं, गावाकडून आलेल्या रोग्याच्या नातेवाइकांचा निवारा. फुटपाथवर स्टोव्ह पेटवून ती माणसं महिनामहिना पडलेली असतात, ती कुणाला दिसत नाहीत का? दुसरा हक्क सफाई कामगार, आया आणि नर्सेसच्या घरांचा. आणि जो पैसा येईल तो त्याच दवाखान्याच्या भिंतीत, छपरात, यंत्रात गेला पाहिजे. पगाराची तूट भरायला जमीन विकणाऱ्याला दिवाळखोर म्हणतात, सुधारक म्हणत नाहीत.

वाचून अंक घडी करून ठेवू नका. आपल्या वॉर्डातल्या दवाखान्याचं मालमत्ता पत्रक सिटी सर्व्हे ऑफिसातून काढा. विकास आराखड्यात दवाखान्यासाठी राखून ठेवलेले प्लॉट कुठे आहेत ते बघा, आणि त्यावर आज काय उभं आहे तेही बघा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका : मंजूर पदं किती, भरलेली किती, बंद वॉर्ड किती, कधीपासून. उत्तर आलं की वस्तीत वाचून दाखवा. बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर नेलं ते सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावायला. तळं सरकारी होतं, कागदावर सगळ्यांना खुलं होतं, तरी चालत जावं लागलं. दवाखान्याची जमीनही कागदावर सगळ्यांची आहे.

आपण तिकडे चालत गेलो नाही, तर मोजणीची साखळी घेऊन दुसरं कुणीतरी जाईल. गेलंच आहे.

जय भीम.